नकाशावर फिकट दिसणारे देश

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा भावोजींनी जगाचा नकाशा टाकला. लहान मुलांच्या कॅन्सरचं प्रमाण, देशवार. युरोप-अमेरिका गडद लाल, आफ्रिका आणि आपण फिकट. खाली भावोजींचा निकाल: ‘शीतकडी (आपला गोव्याचा भात आणि कढी) खाणाऱ्यांना असले रोग होत नाहीत.’ त्यांचा मुलगा इंग्लंडात स्विंडनला असतो आणि नातवंडं तिथं ब्रेडवर वाढतात, हे त्यांचं जुनं दुखणं. दिराशी ग्रुपवर वाद घालणं मला जमत नाही. पण गोव्यात फोंड्याच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावण्यात माझं आयुष्य गेलंय, म्हणून इथं लिहिते.

नकाशा खोटा नाही. २००१ ते २०१० या वर्षांतल्या जगभरच्या नोंदी एकत्र करून झालेल्या मोठ्या अभ्यासात, १५ वर्षांखालच्या दर दहा लाख मुलांमागे वर्षाला साधारण १४० जणांना कॅन्सर झालेला दिसतो. श्रीमंत देशांत हा आकडा जास्त, आफ्रिकेत बराच कमी. पण नोंद व्हायची तर आधी निदान व्हायला हवं ना!

मागे सत्तरी तालुक्यातल्या एका गावातला मुलगा आमच्याकडे आला होता. ताप हटत नव्हता. मलेरियाची औषधं झाली, टायफॉइडची झाली. अंगाचा रंग पांढराफटक, नडग्यांवर न पडता-झडता आलेले निळे डाग. रक्तपेशी मोजणाऱ्या मशीनवर पांढऱ्या पेशी भरमसाट. मी स्लाइडवर थेंब ओढला, पेशी दिसाव्यात म्हणून लिशमन स्टेन हा रंग दिला, वर तेल टाकून शंभरच्या लेन्सखाली धरली. नेहमी तिथं तऱ्हेतऱ्हेच्या पांढऱ्या पेशी दिसतात. इथं सगळ्या एकाच छापाच्या, केंद्रक इतकं मोठं की भोवती निळसर किनार जेमतेम उरलेली. ब्लास्ट, म्हणजे वाढ अर्धवट राहिलेल्या पेशी, ल्युकेमियाची खूण. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी पाहिलं आणि संध्याकाळच्या आत त्याला बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात पाठवलं.

ती स्लाइड कुणी पाहिलीच नसती तर? ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झालेलं मूल उपचारांविना बहुतेकदा जंतुसंसर्गानं नाहीतर रक्तस्रावानं जातं. घरचे म्हणाले असते, तापानं गेला. कागदावरही तेच आलं असतं, आणि नकाशा आणखी थोडा फिकट झाला असता.

भावोजींसाठी एक सोपा पुरावा आहे. रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर. फोटोत फ्लॅश पडला की बुबुळात पांढरी चमक दिसते, पुढं डोळा बाहेर येतो. आईला दिसतो, शेजारणीलाही दिसतो. जगभर साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एक, हे प्रमाण गरीब-श्रीमंत देशांत फारसं हलत नाही. उलट मेंदूच्या गाठी बघा. श्रीमंत देशांत त्या ल्युकेमियाच्या खालोखाल, आणि जिथं एमआरआय नाही तिथं नोंदीतून जवळजवळ गायब. खाण्यानं मेंदू वाचतो आणि डोळा वाचत नाही, असं कसं होईल?

काही फरक मात्र खरेच आहेत. डेनिस बर्किट या सर्जननं १९५८ साली युगांडातल्या मुलांच्या जबड्यात वाढणाऱ्या गाठींबद्दल लिहिलं. तो बर्किट लिम्फोमा, पांढऱ्या पेशींचाच एक कॅन्सर, मलेरियाच्या पट्ट्यात जास्त होतो, एपस्टाइन-बार विषाणू आणि मलेरिया मिळून तो घडवतात. दक्षिण ब्राझीलमध्ये एक जनुकीय बदल पिढ्यानपिढ्या चालत आलाय, त्यामुळे तिथल्या मुलांत मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीची गाठ इतरत्रपेक्षा दहापट तरी जास्त. आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांतला ल्युकेमिया श्रीमंत देशांत थोडा खरोखरच जास्त असावा, असं मानणारे शास्त्रज्ञ आहेत. म्हणजे भावोजी सपशेल चुकले असं नाही, पण त्याचं श्रेय कढीला जात नाही.

आपल्याकडे कॅन्सरची मोजणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. १९८७ मध्ये बार्शीत ग्रामीण नोंदणी आली, तेव्हा कर्मचाऱ्यांना गावोगाव जाऊन विचारावं लागलं, कारण माणसं दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हती.

मला जास्त खुपते ती मुलींची नोंद. पाश्चात्त्य देशांत मुलगे मुलींपेक्षा थोडेसेच जास्त. दिल्लीच्या २०१२ ते २०१४ च्या नोंदींत दहा लाखांमागे मुलगे दोनशेच्या आसपास आणि मुली सव्वाशे. एवढा फरक पेशी करत नाहीत, घरं करतात.

आणि जगण्याचं म्हणाल तर नकाशा उलटा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं श्रीमंत देशांत शंभरातली ऐंशीहून जास्त मुलं बरी होतात, गरीब देशांत तीसही नाहीत. २०३० पर्यंत सगळीकडे साठ करायचं, असं त्यांनी २०१८ मध्ये ठरवलंय. ल्युकेमियाचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. रोजंदारीवरचा बाप पोराला घेऊन मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलजवळ राहील तरी किती दिवस? मूल जरा हिंडू-फिरू लागलं की गाडीत बसून घरी, आणि पुढचे डोस राहून जातात.

तेव्हा मुलाचा ताप लांबला, रंग उतरला, डाग दिसले, तर मशीनमधून आलेल्या प्रिंटवर थांबू नका. ‘स्लाइड कुणी बघितली?’ असं काउंटरवर सरळ विचारा. आमच्याकडे विचारलंत तरी चालेल, आम्हाला राग येत नाही.