तुम्ही विचारलंत म्हणून: चीनच्या लेखी पहिल्या नंबरचा देश कोणता?

पाकिस्तान की रशिया, एवढंच उत्तर बहुतेकांना हवं असतं. पण चीनकडे अशी एकच क्रमवारी नाही. परस्पर संरक्षणाचा बांधील करार आहे तो फक्त उत्तर कोरियाशी, 1961 चा. बाकी सगळ्या ‘भागीदाऱ्या’. 1993 मध्ये ब्राझीलपासून ‘व्यूहात्मक भागीदारी’ सुरू झाली आणि मग विशेषणं वाढत गेली. रशियासाठी ‘समन्वय’ हा खास शब्द, पाकिस्तानसाठी 2015 पासून ‘सर्वकालीन’. अलीकडे हा ‘सर्वकालीन’ बेलारूस, व्हेनेझुएला, इथिओपिया, हंगेरी यांनाही मिळाला. 2024 च्या बीजिंग परिषदेत तर राजनैतिक संबंध असलेले सगळे आफ्रिकी देश एका फटक्यात ‘व्यूहात्मक’ पातळीवर गेले. पाट्या अशा घाऊक वाटल्या की त्यांचं वजन घटणारच.

त्यामुळे पाटी वाचा, पण तिथेच थांबू नका.

आधी दौरे बघा. 1991 पासून चीनचे परराष्ट्रमंत्री वर्षातला पहिला परदेश दौरा आफ्रिकेचा करतात. तिथे खनिजं आहेत हे खरंच, पण संयुक्त राष्ट्रांतली पन्नासहून अधिक मतंही आहेत. 1971 मध्ये तैवानच्या जागी चीन बसला तो अशाच मतांच्या बळावर.

मग कर्जाचा कागद. चीनच्या एक्झिम बँकेचं (आयात-निर्यातीसाठीची सरकारी बँक) सवलतीचं कर्ज साधारण 2 टक्क्यांचं; पण कंत्राटदार चिनी आणि निदान निम्मी खरेदी चीनमधून, ही अट. त्याच बँकेचं व्यापारी दराचं कर्ज निराळं. श्रीलंकेशी 2005 च्या भागीदारीच्या नावातच ‘चिरंतन मैत्री’ होती. तरी हंबनटोटा बंदराच्या पहिल्या टप्प्याचं 2007 चं कर्ज निघालं 6.3 टक्क्यांनी. कर्जाच्या बदल्यात बंदर गेलं, असा घोळ नेहमी होतो. खरं तर 2017 मध्ये बंदर चिनी कंपनीकडे 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने गेलं, त्याचे 1.12 अब्ज डॉलर परकीय गंगाजळीत जमा झाले. बंदराचं कर्ज माफ झालं नाही, श्रीलंकेकडेच राहिलं.

पाटी संरक्षणही देत नाही. ऑस्ट्रेलिया 2014 पासून ‘सर्वंकष व्यूहात्मक’ भागीदार. एप्रिल 2020 मध्ये त्यांनी कोविडच्या उगमाची स्वतंत्र चौकशी मागितली. मे महिन्यात त्यांच्या बार्लीवर 80.5 टक्के शुल्क बसलं. कागदावर कारण डंपिंगचं, म्हणजे परदेशात पडेल दराने माल खपवण्याचं. ऑगस्ट 2023 मध्ये ते उठलं. मधल्या काळात भागीदारीचं नाव होतं तेच राहिलं.

मला विचाराल तर सगळ्यात बोलकं असतं संयुक्त निवेदनातलं तैवानचं वाक्य. ‘एक चीन’ (तैवान हा चीनचाच भाग, ही चीनची भूमिका) मान्य, एवढ्यावर पूर्वी भागायचं. आता मर्जीतल्या देशांकडून एकीकरणासाठीच्या चीनच्या ‘सर्व प्रयत्नांना’ पाठिंबा लिहून घेतला जातो. ‘सर्व’ म्हणजे नेमके कोणते, हे मुद्दामच मोकळं सोडलेलं असतं. भारताशीही 2005 ची व्यूहात्मक भागीदारी आहे. पण 2010 पासून भारत संयुक्त निवेदनांत ‘एक चीन’चा उल्लेखच येऊ देत नाही.