पेटीवाले म्हणाले, सगळ्यांना काळी एक

लेक सातवीत असताना तिला पहिल्यांदा आंतरशालेय गायन स्पर्धेला नेलं. आता ती नववीत आहे, तरी माझा राग काही उतरलेला नाही. गंगाखेडहून परभणीला लेकरू घेऊन जाणाऱ्या कुणाला उपयोग झाला तर होऊ द्या, म्हणून लिहितोय.

फॉर्म, बोनाफाईड, फोटो, मुख्याध्यापकांची सही हे सगळं शाळेतूनच झालं, दोन दिवसांत. फॉर्मवर आधार नंबर होता, वडिलांचा व्यवसाय होता, लेकराचा रक्तगटसुद्धा होता. पट्टी कुठंच विचारली नव्हती. तेव्हा ते माझ्या ध्यानातही आलं नाही. मी कापड दुकानात बसणारा माणूस. घरी वडिलांची भजनाची पेटी आहे, पण मला ती पुसून ठेवण्यापुरतीच येते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाणाऱ्याचा सा पेटीवर जिथं धरायचा, ती त्याची पट्टी. माझ्या लेकीची काळी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी. गायनाच्या बाईंनी दोन वर्षं तिला काळी पाचमध्येच बसवलं होतं. स्पर्धेसाठी जनाबाईंचा अभंग घेतला होता. आमच्या गावच्याच जनाबाई, दुसरं काय घेणार?

परिपत्रकात 'साथसंगत आयोजकांकडून पुरवली जाईल' असं होतं. ते वाचून मी खूश झालो. तबलजी न्यायचा खर्च वाचला ना!

सकाळी 9 ला हजर राहा म्हणाले, पाहुणे उगवले साडेअकराला. मग दीपप्रज्वलन, हार, शाल-श्रीफळ, भाषणं. लेकीचा नंबर 34. डबा न्या बरं का, आणि लेकराला वेळेवर चार घास खायला लावा. 'गाणं झाल्यावर जेव' असं मी सांगितलं आणि पोरगी तीन वाजेपर्यंत उपाशी राहिली. ती चूक माझी.

मंडपात बसल्या बसल्या एक गोष्ट लक्षात यायला लागली. पोरं पहिली ओळ बरी म्हणायची आणि अंतऱ्यात वर गेली की आवाज फाटायचा. कुणी मधेच खालच्या सुरात उतरायचं, कुणी नुसतं ओरडायचं. मला वाटलं, तयारी नसेल. शेजारचे एक आजोबा म्हणाले, "तयारी हाय हो, सगळ्यायला एकाच पट्टीत गायला लावलंय."

मी उठून स्टेजच्या मागं गेलो. पेटीवाले चहा पीत होते. म्हटलं, "काका, माझी मुलगी काळी पाचमध्ये गाते."

"काळी एक," ते म्हणाले.

"नाही, काळी पाच."

"तबला काळी एकला लावलाय. सगळ्यांना काळी एक."

तबलजीकडं गेलो. त्यांनी हातोडी दाखवली आणि म्हणाले, एका पोरीसाठी चढवायचा, परत उतरवायचा, माझ्यामागं अजून किती लेकरं आहेत बघा. संयोजकांच्या टेबलावर गेलो, तर तिथले सर म्हणाले, साथीदारांचं ते साथीदारांनाच विचारा. परत पेटीवाल्यांकडं. त्यांचा चहा संपला होता, पान चालू होतं. तिसऱ्या फेरीला माझा आवाज चढला, तेवढ्यात माईकवरून 34 पुकारला. लेकीला काही सांगायलाही मिळालं नाही.

काळी पाचवरून वरची, म्हणजे पुढच्या सप्तकातली काळी एक, काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या वर. पेटीनं सा दिला तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. धृपद कसंबसं निभावलं. अंतऱ्यात वरच्या सा पर्यंत गेली आणि त्याच्या पुढं आवाज चिरकला. तिथं तिनं ओळ सोडून दिली, तबला तसाच वाजत राहिला. 3 मिनिटांची घंटा झाली तेव्हा शेवटचं कडवं राहिलंच होतं, ते बरंच झालं म्हणायचं.

निकालानंतर मी परीक्षकांना गाठलं. माणूस सभ्य होता. गुणांचा कागद बघून म्हणाले, "आवाज गोड आहे, पण पट्टी चुकीची निवडली."

काय बोलणार? मी नमस्कार केला आणि सात वर्षांच्या पोरासारखा तोंड फिरवून चालायला लागलो.

ही भानगड मला नंतर समजली ती आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात तबला वाजवणाऱ्या पोराकडून. त्याचं म्हणणं, काळी पाचच्या गाण्याला तोच तबला काळी दोनला चढवला असता तरी मध्यम, म्हणजे तिच्या पट्टीतला म, मिळाला असता, आणि तबला मध्यमात लावला तरी साथ चालते. तबल्याचे गट्टे, म्हणजे बाजूचे लाकडी ठोकळे, ठोकायला पाच मिनिटं. दिवसभरात दोन तास भाषणांना होते.

पुढच्या वर्षी त्यालाच सोबत नेलं. तिकीट, जेवण आणि वर थोडे पैसे. टेबलावर 'बाहेरची साथ चालणार नाही' झालंच. पण मी आठ दिवस आधी फोन करून विचारलं होतं आणि शाळेच्या लेटरहेडवर साथीदाराचं नाव देऊन पोच घेतली होती. ती पोच दाखवली. फोनवरचं 'हो' तिथं कुणालाच आठवत नसतं, पोच घ्याच. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप ठेवा, स्टेजवर जायच्या आधी लेकराच्या कानात सा पडू द्या. अंतऱ्याची सगळ्यात वरची जागा तीन पट्ट्या वर लागते का, तेही घरी एकदा करून बघा. लागत नसेल तर गाणं बदला.

अजून एक. दहावीला गुण मिळतील म्हणून या स्पर्धांमागं पळू नका. शास्त्रीय गायनाचे वाढीव गुण मिळतात ते मान्यताप्राप्त संस्थांच्या परीक्षांवर, जशा गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका वगैरे. स्पर्धेच्या प्रमाणपत्राची आमच्याकडं लॅमिनेशन करून फाईल आहे, ती पाहुण्यांना दाखवायला.

त्या दुसऱ्या वर्षी नंबर आला नाही, उत्तेजनार्थ मिळालं. पण अभंग शेवटच्या कडव्यापर्यंत झाला. मी मागं उभा राहून मोबाईलवर काढला, हात हलल्यामुळं तो नीट दिसत नाही, ऐकू मात्र स्वच्छ येतो.

यंदाचा फॉर्म परवा आला. रक्तगट आहे. पट्टीचा रकाना नाहीच. फोटोच्या वर थोडी मोकळी जागा होती, तिथं मी पेनानं लिहिलं : काळी पाच.