जर-तरच्या तासाला मुंग्यांची चटणी

“व्याकरणाच्या तासाला तुम्ही मुंग्या, अळ्या आणि आंबलेला मासा कशाला काढता?” नागपुरात मी कॉलेजच्या मुलामुलींना आणि नोकरी करणाऱ्यांना इंग्रजी शिकवते. पालक, सहकारी, शेजारी, सगळेच मला हे विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

हे मी एकाच धड्याला करते. संकेतार्थी वाक्यं, म्हणजे जर-तर. त्यातही इंग्रजीत ज्याला सेकंड कंडिशनल म्हणतात तो भाग: ‘इफ समवन ऑफर्ड मी फ्राइड अँट्स, आय वुड से नो.’ पुस्तकांत इथे लॉटरी तरी असते, नाहीतर पंतप्रधान, नाहीतर पक्षी. आपल्या मुलांनी ‘मी पंतप्रधान झालो तर’ हा निबंध शाळेत गाईडमधून पाठ केलेला असतो. लॉटरी लागली की सगळेच गरिबांना मदत करतात. त्यात स्वतःचं मत कुणाचंच नसतं, आणि मत नसलं की क्रियापदाचं रूप विचार करून निवडायची वेळच येत नाही.

खाण्याचं तसं नाही. स्वीडनच्या सुरस्ट्रोमिंगबद्दल सांगून बघा. बाल्टिक समुद्रातला हेरिंग मासा, कमी मिठात आंबवलेला. डब्यात भरल्यावरही आंबणं चालूच राहतं, डबा फुगतो, आणि वासामुळे लोक तो शक्यतो घराबाहेर उघडतात. 2006 मध्ये काही मोठ्या विमान कंपन्यांनी हे डबे विमानात न्यायला बंदी केली. किंवा सार्डिनियाचं कासू मार्झू, मेंढीच्या दुधाचं चीज, ज्यात जिवंत अळ्या असतात आणि ज्याच्या विक्रीला कायद्याने मनाई आहे. एवढं सांगितलं की वर्षभर तोंड न उघडणारी मुलंही बोलतात. ‘इफ आय ओपन्ड इट ॲट होम, माय मदर वुड थ्रो मी आउट!’ हे वाक्य कुणी पाठ केलेलं नसतं.

मग चुका हाती लागतात, आणि त्या आपल्या मराठीतूनच आलेल्या असतात. आपण म्हणतो, ‘दिलं तर खाईन.’ पहिला तुकडा भूतकाळाच्या रूपात, दुसरा भविष्यकाळाच्या. त्यामुळे ‘इफ दे गेव्ह मी, आय विल ईट’ हे आपल्या कानाला बरोबरच वाटतं. दुसरं म्हणजे, ‘मी स्वीडनमध्ये असते तर खाल्लं असतं’ हे आपण आजच्या कल्पनेबद्दलही म्हणतो आणि गेल्या वर्षीच्या हुकलेल्या संधीबद्दलही. इंग्रजीत या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगाव्या लागतात: ‘वुड ईट’ आणि ‘वुड हॅव ईटन’. हा फरक फळ्यावर कितीही समजावला तरी निसटतो. आइसलंडच्या हाकार्लमुळे तो पक्का बसतो. ग्रीनलंड शार्कचं ताजं मांस विषारी असतं. पूर्वी ते वाळू-खडीत पुरून आंबवत आणि मग काही महिने टांगून सुकवत, तेव्हा कुठे खाण्याजोगं होई. वर्गात लगेच प्रश्न येतो, पहिल्यांदा हे कुणी शोधलं असेल? ‘इफ दे हॅड ईटन इट फ्रेश, दे वुड हॅव फॉलन सिक.’ थर्ड कंडिशनल, म्हणजे होऊन गेलेल्या गोष्टीचं जर-तर, मला वेगळं शिकवावं लागत नाही.

पण माझं खरं कारण मुंग्यांच्या चटणीत आहे. झाडावर पानं जोडून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या, त्यांची अंडी, मिरची, मीठ. बस्तरमध्ये तिला चापडा म्हणतात. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच काई चटणीला 2024 च्या जानेवारीत भौगोलिक मानांकन मिळालं. वर्गातला शहरी मुलगा म्हणतो, ‘इफ आय गॉट इट, आय वुड नेव्हर टच इट.’ दुसरी बस्तरमधल्या जगदलपूरला मावशीकडे जाणार असते, ती म्हणते, ‘इफ आय गेट इट, आय विल ट्राय.’ आणि गडचिरोलीतल्या भामरागडकडचं कुणी वर्गात असलं तर ते ‘इफ’ वापरतच नाही. ‘व्हेन आय गो होम, आय ईट इट.’ चटणी एकच आणि काळ तीन. सेकंड कंडिशनल अशक्य गोष्टींसाठी असतं, असं अनेक मार्गदर्शिका सांगतात. ते अपुरं आहे. गोष्ट आपल्याला किती लांबची वाटते, हे बोलणाऱ्याने ठरवायचं असतं, आणि तसं रूप निवडायचं असतं. इतका स्वच्छ पुरावा मला दुसऱ्या कुठल्याच विषयात सापडलेला नाही.

म्हणूनच त्या तासाला ‘छी’ म्हणायला बंदी आहे. नाक मुरडायचं असेल तर पूर्ण वाक्यात, ‘इफ’ लावून. ताटावरून माणूस जोखायची सवय आपल्याकडे फार जुनी आणि फार क्रूर आहे, आणि ज्याच्या घरचा पदार्थ चर्चेत आहे तो बहुधा मागच्या बाकावर गप्प बसलेला असतो. नागपूरच्या सावजी जेवणातला खूर किंवा वजडी यांवरही हेच होताना मी पाहिलंय. शाकाहारी मुलांचीही या वाक्यरचनेत सोय होते. ‘इफ आय वेअरन्ट व्हेजिटेरियन, आय वुड स्टार्ट विथ द चीज.’ नियम मोडत नाही आणि गप्पांतून बाहेरही पडावं लागत नाही. शेवटी बाजू उलटवते. एखाद्या स्वीडिश पाहुण्याला खरवस दिला आणि तो व्यायलेल्या म्हशीच्या पहिल्या दुधाचा आहे असं सांगितलं, तर तो काय म्हणेल? यावर लिहिलेले परिच्छेद सगळ्यात चांगले उतरतात, कारण आता मुलांना आपल्या आवडीच्या पदार्थाची बाजू मांडायची असते.

काही जण विचारतात, मग एखादा पदार्थ वर्गात चाखायलाच का देत नाही? पदार्थ समोर आला की कल्पना करायचं कारणच उरत नाही. चाखल्यावर मुलं ‘इट वॉज सॉल्टी’ म्हणतात आणि तिथेच थांबतात. मला त्यांनी न खाल्लेल्या पदार्थाबद्दल बोलायला हवं असतं.