वडिलांचे मॅगझिन, नवे पिस्तूल

अमेरिकेच्या युटा राज्यात वॉसाच डोंगररांगेच्या पायथ्याशी ऑग्डेन हे गाव आहे. शस्त्रांचे थोर रचनाकार जॉन मोझेस ब्राउनिंग यांचा जन्म १८५५ मध्ये याच गावात झाला, आणि इथल्या जुन्या रेल्वेस्थानकाच्या इमारतीत त्यांच्या नावाचे बंदुकांचे संग्रहालय आहे. त्या स्थानकापासून थोड्याच अंतरावरील एका दुकानात मी पिस्तुले आणि बंदुका दुरुस्त करण्याचे काम करतो. मूळचा मी सातारा जिल्ह्यातला. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत काही वर्षे टूलमेकर म्हणून काढल्यानंतर कोलोरॅडोतील ट्रिनिडाड स्टेट कॉलेजात मी हा व्यवसाय रीतसर शिकलो. पण शस्त्राकडे पाहण्याची नजर मात्र वडिलांकडून आली. अण्णा भारतीय लष्करात आर्मरर होते आणि त्यांच्या नोकरीचा बहुतेक काळ पलटणींच्या कोतमधली, म्हणजे शस्त्रागारातली, शस्त्रे तपासण्यात आणि दुरुस्त करण्यात गेला.

अण्णांच्या हाताखालून सर्वाधिक गेलेली दोन शस्त्रे म्हणजे ७.६२ मिलिमीटरची एसएलआर (आपोआप गोळी भरणारी रायफल) आणि ९ मिलिमीटरचे पिस्तूल. दोन्ही पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनत. एसएलआर ज्या बेल्जियन रायफलीवरून घेतली, ती दियूदोने सेव्ह या अभियंत्याने घडवली होती. आणि ९ मिलिमीटरचे पिस्तूल ज्या ब्राउनिंग हाय-पॉवरवरून घेतले, ते पूर्णत्वाला नेणारा माणूसही हाच सेव्ह. ब्राउनिंग यांनी या पिस्तुलाच्या पेटंटसाठी १९२३ मध्ये अर्ज केला. पण २६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जियममधील लिएज येथे, एफएन कारखान्यात काम करत असतानाच त्यांचे निधन झाले. पुढची ९ वर्षे सेव्ह यांनी त्या आराखड्यावर खपून १९३५ मध्ये पिस्तूल बाजारात आणले. तेरा गोळ्या दोन तिरप्या रांगांत बसवणारे मॅगझिन ही सेव्ह यांचीच देणगी. ब्राउनिंग यांच्या जन्मगावी राहून हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण श्रेय ज्याचे त्याला मिळाले पाहिजे.

ज्या दिवसाबद्दल लिहायचे आहे, तो २०२२ च्या एप्रिलमधला. सकाळी दुकानात स्प्रिंगफील्ड आर्मरी या अमेरिकन कंपनीच्या एसए-३५ या पिस्तुलाचे दोन नग आले. बेल्जियममध्ये हाय-पॉवरचे उत्पादन बंद पडल्यानंतर काही वर्षांतच, ऑक्टोबर २०२१ मध्ये, या कंपनीने त्याच रचनेचे नवे पिस्तूल ६९९ डॉलर किमतीला जाहीर केले होते आणि तेव्हापासून मी त्याची वाट पाहत होतो. खोका उघडल्याबरोबर मी पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून घेतली, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून सेफ्टीच्या खाचेत अडकवली, स्लाइड-स्टॉपची खीळ काढली आणि ते कामाच्या टेबलावर उघडून ठेवले. अण्णांनी मला शिकवलेला क्रम तिथे जसाच्या तसा लागू पडला, एकही हालचाल बदलावी लागली नाही. नळीच्या बुडाशी कोरलेला तोच एकसंध कॅम, नळीच्या पाठीवरचे तेच कंगोरे आणि चापाचा जोर फ्रेममधून वर चढवून स्लाइडमधल्या पट्टीने मागे सिअरपर्यंत, म्हणजे घोडा (हॅमर) अडवून धरणाऱ्या भागापर्यंत, नेणारी तीच व्यवस्था. या व्यवस्थेमागचे कारण मला फार आवडते. रुंद मॅगझिनच्या दोन्ही बाजूंनी चापाची पट्टी नेली असती, तर मूठ जाड झाली असती; ती वरून वळवल्यामुळे तेरा गोळ्या पोटात घेऊनही हाय-पॉवरची मूठ तळहातात सुरेख बसते.

मग मी बदल पाहू लागलो, आणि एकेक बदल दिसेल तसा माझा आनंद वाढत गेला. हाय-पॉवरच्या घोड्याची एक जुनी खोड आहे. गोळी सुटल्यावर स्लाइड मागे येते, घोडा खाली दाबला जातो आणि अंगठा व तर्जनी यांमधली कातडी घोड्याच्या टोकाखाली चिमटते. अनेकांच्या हातावर याचा कायमचा व्रण असतो. एसए-३५ च्या घोड्याचा आकार बदलून ही अडचण दूर केलेली आहे. मूळ सेफ्टीचा खटका इतका लहान होता, की थंडीत बधिर झालेल्या अंगठ्याला तो सापडत नसे; इथे तो रुंद आणि ठळक आहे. जुन्या पिस्तुलांत गोळी नळीत चढवणारा उतार लष्करी, गोल टोकाच्या गोळीसाठी घडवलेला होता आणि पोकळ टोकाच्या गोळ्या त्यावर अडकत. इथे तो उतार बदलला आहे. मॅगझिन पंधरा गोळ्यांचे आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मॅगझिन काढले की चाप निकामी करणारी जुनी अडसर-खीळ इथे नाही. ही खीळ चाप दाबताना मॅगझिनच्या पुढच्या पत्र्यावर घासत जात असे, त्यामुळे चाप जड आणि खरखरीत लागे.

यातील प्रत्येक काम मी स्वतः कानस, ऑइलस्टोन आणि भिंग घेऊन गिऱ्हाइकांच्या हाय-पॉवरवर कितीतरी वेळा केलेले आहे. एका पिस्तुलावर हे सारे करायचे म्हटले, तर दोन-तीन दिवस जातात. इतक्या वर्षांत इतक्या कारागिरांनी जे जे दुरुस्त केले, तेवढेच कारखान्याने उचलले आणि बाकीच्या रचनेला हात लावला नाही, याचे मला मनापासून कौतुक वाटले. त्याच वर्षी एफएन कंपनीनेही हाय-पॉवर याच नावाने सतरा गोळ्यांचे नवे पिस्तूल आणले. पण त्याची अंतर्रचना वेगळी आहे आणि जुने भाग त्याला चालत नाहीत, म्हणून मी त्याला जुन्या पिस्तुलाचा नवा अवतार म्हणणार नाही. एसए-३५ चा रंग साधा, मंद काळा आहे. जुन्या बेल्जियन पिस्तुलांवरची खोल निळी झळाळी त्यात नाही. ती मला हवी होती, पण त्या किमतीत ती देता येत नाही, हेही मी जाणतो.

दुपारी साधारण दोन वाजता सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आले. त्यांनी कापडात गुंडाळलेले एक पिस्तूल टेबलावर ठेवले. ते हाय-पॉवरच होते, पण बेल्जियममधले नव्हे. दुसऱ्या महायुद्धात बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेल्यानंतर कॅनडातील टोरोंटोच्या जॉन इंग्लिस कंपनीने १९४४ आणि १९४५ मध्ये सुमारे दीड लाख हाय-पॉवर बनवली, त्यांतलेच हे एक. मुठीच्या मागे दोरी अडकवण्याची कडी होती आणि अनुक्रमांकात ‘टी’ हे अक्षर होते. ईशापूरचे पिस्तूल याच इंग्लिसच्या नमुन्यावरचे, त्यामुळे त्या कडीवर बोट फिरताच मला अण्णांचे कोत आठवले. गृहस्थांचे वडील आल्बर्टातले होते; महायुद्धात कॅनडाच्या सैन्यात होते आणि नंतर युटात येऊन स्थायिक झाले. पिस्तूल त्यांच्याकडून मुलाकडे आले होते. मुलाच्या उजव्या हातावर, अंगठ्याच्या बेचक्यात, घोड्याने केलेला पांढरट व्रण मला दिसला.

त्यांची मागणी स्पष्ट होती. घोडा कापून आखूड करावा, सेफ्टीचा खटका रुंद बसवावा, गोळीचा उतार घासून पोकळ टोकाच्या गोळ्यांसाठी तयार करावा आणि चापाची खीळ काढून टाकावी. म्हणजे सकाळी मी नव्या पिस्तुलात जे जे पाहून सुखावलो होतो, नेमके तेच त्यांना या जुन्या पिस्तुलावर करून हवे होते. माझा पहिला विचार असा झाला, की काम माझ्या हातचे आहे आणि मी ते उत्तम करीन. पण आर्मररचा नियम असा, की कानस लावण्यापूर्वी शस्त्र पूर्ण तपासायचे.

पिस्तूल उघडून मी नळी स्वच्छ केली. बुडाच्या कॅमच्या मुळाशी भिंगातून केसाएवढी एक रेघ दिसली. ती यंत्राचा ओरखडा असू शकत होती. मी त्या जागी लाल रंगाचा भेदक द्रव फवारला, पंधरा मिनिटे थांबलो, पृष्ठभाग पुसून काढला आणि त्यावर पांढरी पावडर उडवली. ओरखडा असता तर पांढरे पांढरेच राहिले असते. पण दोन मिनिटांत त्या पांढऱ्यावर आतून लाल रेघ उमटू लागली, कॅमच्या एका कडेपासून जवळजवळ अर्ध्या रुंदीपर्यंत. तो तडा होता. प्रत्येक गोळीला नळी मागे सरकते, हा कॅम फ्रेममधल्या आडव्या भागावर आदळतो आणि नळीचे बूड खाली ओढून स्लाइडपासून सोडवतो. सारा आघात याच जागी येतो.

मी गृहस्थांना आत बोलावले आणि भिंग त्यांच्या हातात दिले. ते बराच वेळ पाहत राहिले. मी त्यांना सांगितले, “या नळीतून यापुढे एकही गोळी झाडू नका. दुसरी नळी शोधून बसवता येईल. पण तुम्ही सांगता ती कापाकापी या पिस्तुलावर करू नका, असा माझा सल्ला आहे. घोडा एकदा कापला की तो तुमच्या वडिलांनी हाताळलेला घोडा राहणार नाही.” त्यांनी विचारले, “मग मी चालवायचे काय? मला दुसरे पिस्तूल हातात धरवतच नाही. पन्नास वर्षे हीच मूठ धरली.” मी उठलो आणि सकाळी आलेले एसए-३५ त्यांच्यासमोर ठेवले.

त्यांनी ते उचलले, डोळ्यांसमोर धरले आणि काही बोलले नाहीत. मग त्यांनी कापडातून वडिलांचे मॅगझिन काढले. तेरा गोळ्यांचे, इंग्लिसच्या काळातले, कडांवरचा काळा रंग उडून खालचे पोलाद दिसणारे. “हे यात बसेल?” त्यांनी विचारले. मला उत्तर ठाऊक होते, तरीही ते त्यांच्या हातूनच व्हावे असे वाटले. त्यांनी मॅगझिन मुठीत सरकवले आणि खटका बसल्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला. त्या मॅगझिनची स्प्रिंग आणि गोळ्या धरून ठेवणारे वरचे ओठ मी तपासले. दोन्ही चांगल्या स्थितीत होते.

दुकानाच्या मागे पंधरा यार्डांची बंदिस्त रेंज आहे. मालकांची परवानगी घेऊन मी त्यांना तिथे नेले. त्यांनी कानांवर आवरण चढवले, स्वतःच्या हातांनी एकेक करून तेरा गोळ्या भरल्या आणि झाडू लागले. पहिल्या दोन गोळ्या खाली गेल्या. नंतर बहुधा त्यांना चाप कळला, कारण उरलेल्या अकरा मुठीएवढ्या जागेत बसल्या. एकही गोळी अडकली नाही. शेवटची सुटल्यावर स्लाइड मागे उघडी राहिली. त्यांनी पिस्तूल रिकामे करून खाली ठेवले आणि आधी लक्ष्याकडे न पाहता स्वतःच्या हाताकडे, अंगठ्याच्या बेचक्याकडे पाहिले. कातडी शाबूत होती. “वडिलांच्या हातालाही असाच व्रण होता,” ते म्हणाले.

त्यांनी तेच पिस्तूल घेतले. फॉर्म आणि पार्श्वभूमी तपासणी होईपर्यंत मी त्यांच्या जुन्या पिस्तुलाचा प्रत्येक भाग तेलाच्या चिंदीने पुसला, तडा असलेली नळी वेगळ्या पिशवीत घालून तिच्यावर तशी चिठ्ठी बांधली आणि सारे त्यांच्या स्वाधीन केले. दुरुस्तीला आलेले शस्त्र त्याच दिवशी परत गेले, तर आमच्या वहीत त्याची नोंद करावी लागत नाही. त्यामुळे त्या दिवसाच्या पानावर नव्या पिस्तुलाचीच ओळ आहे, आणि ज्याच्यामुळे तो दिवस माझ्या लक्षात राहिला त्याचा तिथे उल्लेख नाही.

संध्याकाळी सात वाजता, म्हणजे गावाकडे दुसऱ्या दिवशीच्या सकाळी साडेसहाला, मी अण्णांना फोन लावला. इंग्लिसच्या पिस्तुलाचे, तड्याचे आणि त्या मॅगझिनचे सारे सांगितले. अण्णांनी नव्या पिस्तुलाची किंमत विचारली नाही. त्यांनी विचारले, “मॅगझिन काढून चाप ओढला, तर घोडा पडतो का?”

“पडतो, अण्णा. ती खीळ ठेवलेलीच नाही.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितले, की पिस्तूल कोतमध्ये जमा करताना जवान मॅगझिन काढायचा, स्लाइड ओढून नळी रिकामी करायचा, आम्ही आत डोकावून खात्री करायचो. आणि त्यानंतर केवळ घोडा उतरवण्यासाठी रिकामे मॅगझिन पुन्हा आत घालावे लागायचे. “शस्त्र सुरक्षित करायचं, तर मॅगझिन बाहेर राहिलं पाहिजे,” ते म्हणाले. “आम्हाला ते आत घालायला लागायचं. दिवसभर ड्युटी करून दमलेला पोरगा चुकून भरलेलं मॅगझिन घालेल, ही धास्ती मला रोज असायची. नोकरी संपेपर्यंत प्रत्येकाच्या हातातलं मॅगझिन मी स्वतः बघायचो.”

दुसरा नग अजून माझ्या टेबलावर होता. अण्णा म्हणाले, “आवाज ऐकव.” मी मॅगझिन बाजूला ठेवले, स्लाइड मागे ओढून नळी डोळ्यांनी आणि बोटाने तपासली, स्लाइड पुढे सोडली, पिस्तूल वाळूच्या पेटीकडे रोखले आणि फोन जवळ धरून चाप दाबला. घोडा पडल्याचा कोरडा, स्वच्छ आवाज झाला.

“अजून एकदा,” अण्णा म्हणाले.