एक्सपीएसचा बेत बारगळला (बहुतेक)

जानेवारीच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं, जोत्याच्या काँक्रीटखाली ५० मिमी एक्सपीएस (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमच्या शीट) अंथरणार म्हणजे अंथरणार. शीट आणल्यासुद्धा. आता त्या ताडपत्रीखाली पडून आहेत आणि लातूरच्या मे महिन्यानं माझा पार पोपट केलाय.

आधी चाचणीसाठी पत्र्याच्या शेडमध्ये जमिनीचे चार बाय चारचे दोन तुकडे केले होते. काळी माती काढून दोन्हीकडे सारखाच मुरूम, पाणी मारून धुम्मस केलेला, वर पॉलिथिन, वर तीन इंच काँक्रीट. फरक एकच: 'अ'खाली एक्सपीएस, 'ब'खाली नाही. थंडीत 'अ' उबदार लागला म्हणून मी हुरळलो. चूक अशी की मोजत होतो फक्त दुपारी. पहाटे उठायचा कंटाळा, दुसरं काय!

परवा दुपारी चारला बाहेर ४२ अंश. 'अ' ३८, 'ब' साडेचौतीस. तीन फूट खोल पुरलेला तापमानाचा प्रोब ३०. दिवस-रात्रीचा चढउतार तिथवर पोचतच नाही, म्हणून 'ब'ची उष्णता जमीन गिळते. 'अ'ला मी स्वतः पैसे मोजून जमिनीपासून तोडलं. मिस्त्री तेव्हाच म्हणाले होते, "सर, ही थर्माकोल भुईत पुरून काय करालाव?" तो थर्माकोल नाही हे मी त्यांना अर्धा तास समजावलं होतं. गावचं एक कुत्रं आठवडाभर 'ब'वरच पसरतंय. आयआर गनपेक्षा (लांबून नेम धरून तापमान मोजायचं यंत्र) माझा त्याच्यावर जास्त भरवसा. (गन चकचकीत फरशीवर खोटं बोलते. काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर नेम धरा.)

मग हट्टानं पहाटे चारलाही उठलो, आणि डोकं फिरलं. 'अ' २९, 'ब' ३१! रात्री उलटा हिशेब. पण मेमध्ये रात्री आम्ही गच्चीवरच असतो, घर सोसायचं ते दुपारी. आईचा तर नियमच आहे, जेवण झालं की भुईवर आडवं व्हायचं, चटईसुद्धा नको. मत 'ब'ला.

बरं, ऊन मुख्यतः येतं वरून. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ नंतर, आमच्याकडे माळवदं (मातीची सपाट छतं) गेली आणि स्लॅब आले. मातीचा तो जाड थर गेला, त्याच्या जागी चार-पाच इंच काँक्रीट. म्हणून आता शीट छतावर, ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांच्या) कोब्याखाली. दुकानदाराकडे दाबक्षमतेचा कागद तीनदा मागितला. "साहेब, हत्ती उभा करा," एवढंच उत्तर. पुढच्या वेळी कागदाशिवाय माल नाही.

हे लिहिता लिहिता एक गोष्ट खटकली. एसीची खोली! तिथे हवा २४ ला ठेवणार आणि खाली जमीन ३०. म्हणजे जमीन उष्णता गिळणार नाही, वर देत राहणार. तेवढ्या एका खोलीखाली एक्सपीएस हवंच की. पण मग तिथला मुरूम ५० मिमी खाली न्यावा लागेल, आणि धुम्मस तर कालच झाली. शिवाय वाळवी फोम पोखरत वर येते, म्हणजे वाळवीचं औषध आधी, शीट नंतर.

पश्चिमेच्या उघड्या जोत्यालाही शीट लावायचा मोह होता. तो सोडला, तिच्याआड वाळवी चढली तर दिसणारच नाही. तिथे ओटा बांधून सावली करू.

पीसीसी (साधं काँक्रीट) गुरुवारी. मिस्त्रींना अजून सांगितलेलं नाही.