नाशिकमध्ये ऐकलेली चार अक्षरं

इलेक्ट्रॉनिक पॅडचा ठेका चालू होता तोवर पोरं धापा टाकत गात होती. पेटीवाल्या काकांनी पॅडचं बटण बंद केलं, भाता भरून नुसता षड्ज धरला आणि म्हणाले, "आता शेवटची चार अक्षरं म्हणायची अन् थांबायचं. लगेच पुढची ओळ धरायची नाही." पोरं थांबली. त्या थांबण्यात झांज दोनदा वाजली, सगळ्यांनी एकदम श्वास घेतला आणि पुढची ओळ जी उठली ती छातीतून उठली. शरणपूर रोडच्या बाजूला एका चर्चमागची खोली, खाली सतरंजी, बारा-चौदा पोरं. नाशिकच्या दोन दिवसांतलं बाकी सगळं मी विसरलो तरी तो श्वास विसरणार नाही.

गेलो होतो नारायण वामन टिळकांच्या पोरवयाचा माग काढायला. शाळेत जखमी पक्षिणीची कविता पाठ केलेल्यांना ते 'फुलामुलांचे कवी' म्हणून माहीत असतात. मराठी चर्चमध्ये बसणाऱ्यांना ते दर रविवारी भेटतात, कारण उपासनेत जी पदं आपसूक तोंडात येतात त्यातली कितीतरी त्यांचीच. ते कीर्तनही करत. पण हे गाणं त्यांच्याकडे आलं कुठून, याचं उत्तर 1895 च्या बाप्तिस्म्यात, म्हणजे ते हिंदूचे ख्रिस्ती झाले तिथे, शोधलं तर सापडत नाही. ते त्याच्या आधीच्या वीसेक वर्षांत आहे, आणि त्यातला मोठा भाग नाशिकचा आहे.

जन्म 6 डिसेंबर 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील वामनराव कडक स्वभावाचे. आई जानकीबाई भाविक, कवितेची आवड असलेली. आई लवकर गेली, मुलाचं घरावरचं मन उडालं आणि तो नाशिकला आला. इथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला. पुढे थोडं इंग्रजीही झालं, पण शिक्षण पुरं झालं नाही. चरित्रात हे दोन-तीन वाक्यांत उरकतं. गाणाऱ्या माणसाला मात्र 'शास्त्र्यांपाशी संस्कृत शिकला' इथे थांबावंसं वाटतं. त्या काळचं संस्कृत म्हणजे आधी पाठांतर. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, चरण कुठे तुटतो, दम कुठे घ्यायचा, हे सगळं अर्थ कळायच्या आधी कानात आणि फुप्फुसात बसतं. पुढे ज्याच्या ओळी न अडखळता शेकडो माणसं एका सुरात म्हणतात, त्याला ही तालीम लहानपणी मिळालेली असते.

नाशिकरोडला उतरून शहरात यायला नऊ-दहा किलोमीटर पडतात. तो प्रवास, राहण्याची जागा, दुपारचं जेवण, कशातच सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जलालपूरला गेलो. गंगापूर रोडनं सोमेश्वराच्या अंगानं निघालं की गोदेच्या काठचं हे गाव येतं. रिक्षावाल्यानं जायचे पैसे वाजवी घेतले आणि परतीसाठी थांबायला नकार दिला. उन्हात परत येताना पायपीट झाली. तुम्ही गेलात तर परतीचं आधीच बोलून घ्या.

जलालपूरला जायचं कारण मनू गोखले. म्हणजे मनकर्णिका, म्हणजेच पुढच्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचा जन्म 1868 मध्ये इथला. वडिलांचं सोवळं इतकं पराकोटीचं की घरात येणारी वस्तू पाण्यातून काढल्याशिवाय पुढे सरकत नसे. अकराव्या वर्षी या मुलीचं टिळकांशी लग्न झालं. शाळेचं तोंड न पाहिलेली ही मुलगी लग्नानंतर वाचायला शिकली, आणि नवऱ्यानं अर्धवट सोडलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्ताचं ओवीबद्ध चरित्र चौसष्ट अध्याय लिहून तिनं पुरं केलं. चौसष्ट अध्याय ओवीत लिहायला अक्षरओळख पुरत नाही, कान लागतो. जात्यावरच्या ओव्या, देवघरातली स्तोत्रं, घाटावरची भजनं यांच्यात वाढलेल्या मुलीकडे तो आधीपासून होता. धरणातून पाणी सोडलेलं नव्हतं, त्यामुळे नदी खडकांमधून बारीक वाहत होती. काठावर एक बाई धुणं आपटत होती. हात चालू होते आणि तोंडानं काहीतरी गुणगुणणंही. शब्द ऐकू आले नाहीत, पण आपटण्याच्या ठेक्यावर ओळ बरोबर बसत होती.

माझं म्हणणं नीट कळावं म्हणून थोडं छंदाबद्दल. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्याचं. कुणाचा अभंग उचलण्यापेक्षा इथे आपलाच एक मांडतो:

गोदेच्या तीरासी । बाळ एक आले ।
अनाथ ते झाले । मायेविण ॥

मोजून पाहा. सहा, सहा, सहा, चार. वाचताना तो चार अक्षरांचा चरण तोकडा वाटतो. गाताना त्याचीच गंमत असते. भजनी ठेका आठ मात्रांचा. सहा अक्षरांचा चरण त्यात भरून बसतो, चार अक्षरांचा चरण बसल्यावर जागा उरते. त्या रिकाम्या जागेत झांज वाजते, टाळकरी पुढे झुकतात आणि म्हणणारा दम घेतो. तुकोबांच्याही आधीपासून वारीत हेच चालत आलं आहे. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. लोक त्याचा अर्थ भक्तीपुरता घेतात. मला तो गळ्यापुरताही खरा वाटतो.

टिळकांच्या आधी मराठी चर्चमध्ये गाणं नव्हतं असं नाही. मिशनऱ्यांनी इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरं केली होती आणि ती विलायती चालींवरच म्हटली जात. तिथे अडचण शब्दांच्या लांबीची होती. विलायती चालीत लांब सूर ठरलेल्या जागी येतो, तिथे मराठी शब्दाचं ऱ्हस्व अक्षर आलं की ते ओढून दीर्घ करावं लागतं. मग शब्द कानाला परका होतो आणि खेड्यातल्या माणसाला अर्थही पटकन लागत नाही. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी हे ओळखून टिळकांच्या आधीच ख्रिस्ती कीर्तनं सुरू केली होती. टिळकांनी अभंग, ओवी, पद, आर्या, हे सगळं घरचं सामान सरळ उपासनेत आणलं. कीर्तनाचा साचाही तोच ठेवता आला. पूर्वरंगात नमन आणि मुख्य पद, त्यावर निरूपण, मध्ये सगळ्यांचं भजन, मग उत्तररंगात आख्यान आणि शेवटी पुन्हा मुख्य पदावर येणं. फक्त आख्यान शुभवर्तमानातलं.

दुपारी शरणपूर रोडला आलो. हा रस्ता रोज वापरणाऱ्या नाशिककरांनाही शरणपूर म्हणजे काय ते ठाऊक नसतं, याची मला खरंच खंत वाटते. चर्च मिशनरी सोसायटीनं 1850 च्या दशकात वसवलेली ही ख्रिस्ती वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथे आणून शिकवली जात. 1866 मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याच्याबरोबर इथली नऊ मुलं होती. नाशिकलाच शिकलेला जेकब वेनराइट पुढे त्याला जाऊन मिळाला. लिव्हिंगस्टन वारल्यावर त्याचं काळीज आफ्रिकेतच पुरलं. त्या दफनाची प्रार्थना जेकबनं वाचली, आणि पार्थिवाबरोबर तो इंग्लंडपर्यंत गेला. पोरका नारायण 1870 च्या दशकात नाशिकात श्लोक घोकत होता तेव्हा त्याच शहराच्या या टोकाला ही वस्ती होती. एका गावात दोन अगदी वेगळी पाठांतरं चालू होती.

संध्याकाळी सरावाला बसायला मिळालं ते ओळखीच्या ओळखीतून. पेटीवाले काका रेल्वेतून निवृत्त झालेले, पेटी त्यांची स्वतःची, साडेतीन सप्तकांची. आल्या आल्या त्यांनी आधी भाता तपासला. स्टॉप सगळे बंद करून भाता भरला आणि हात काढला. हवा सावकाश उतरली तर ठीक, लगेच बसली तर कुठेतरी गळती आहे. मग एकेक पट्टी दाबून पाहिली. मधल्या सप्तकातली एक पट्टी बोलेना. पावसाळा नुकताच सरला होता. दमटपणानं लाकूड फुगतं आणि पट्टी अडकते, किंवा सुराच्या जिभेखाली, म्हणजे आत थरथरणाऱ्या धातूच्या पातीखाली, कचऱ्याचा कण बसतो. काकांनी वरची फळी काढली, पातळ कागदाची पट्टी जिभेखालून अलगद फिरवली, जीभ नखानं एकदा हलकी उचलून सोडली. सूर बोलायला लागला.

"टाचणी लावायची नाही," शेजारी बसलेल्या मोठ्या मुलाला ते म्हणाले. "टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. एकदा बिघडला की मग कारागीरच पाहिजे."

मग पट्टी ठरवणं, म्हणजे पेटीच्या कोणत्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर षड्ज धरून गायचं ते. इथे बहुतेक चर्चमध्ये गाडी घसरते आणि मला त्याचा मनापासून राग येतो. वाजवणाऱ्याला सवय काळी चारची, म्हणून सगळी पदं काळी चारमध्ये. अंतऱ्यात पुरुष गप्प होतात, म्हाताऱ्या बाया ओठ हलवतात, आणि मग सभा गात नाही म्हणून पाळकसाहेब बोलतात. काकांची रीत साधी. आधी पदातला सगळ्यात वरचा सूर कोणता ते पाहायचं. पद तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'ग'पर्यंत, जात असेल तर काळी एक. तार षड्जावरच थांबत असेल तर पांढरी दोन, फार तर पांढरी तीन. बायका, पुरुष, पोरं सगळ्यांना एकत्र गायचं असेल तर त्याच्या वर जायचं नाही. एकट्या गायकाची पट्टी वेगळी आणि सभेची वेगळी, हे ज्याला कळलं त्याच्या चर्चमध्ये गाणं होतं.

शिकवणंही टप्प्याटप्प्यानं. पहिल्यांदा चाल नाहीच. पोरांनी शब्द नुसते वाचले, हातावर आठ मात्रा मोजत. जोडाक्षरं तीनदा घोकून घेतली, कारण 'ख्रिस्त'चा 'ख्रि' घाईत 'खि' होतो आणि 'स्वर्ग' 'सर्ग' होतो. दुसऱ्या खेपेला फक्त ध्रुवपद, पेटीवर नुसता षड्ज-पंचम. चाल पेटीवर वाजवून दिली तर पोरं पेटीच्या मागे धावतात, म्हणून आधी काकांनी स्वतः गाऊन दिली. उपासनेच्या पुस्तकात पदं छापलेली असतात, स्वरलिपी नसते. फार तर वर चालीचं नाव. ती चाल कुणाला आठवत नसेल तर पद पुस्तकात राहतं आणि गळ्यातून जातं. म्हणून काकांसारखा एक माणूस गेला की त्याच्याबरोबर दहा-वीस पदं जातात. याची नोंद कुणी ठेवत नाही आणि मला याची फार काळजी वाटते. मोबाइलवर का होईना, जुन्या माणसांकडून चाली रेकॉर्ड करून ठेवा. आधी नुसती पेटी आणि आवाज घ्या, तबल्यासकट नंतर.

पॅड आणला होता एका तरुणानं. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. पोरांना ठेका आवडतो, त्यांना चर्चमध्ये आणायचं तर हे पाहिजे, असं त्याचं म्हणणं. पण मशीनचा ठेका उरलेली जागाही भरतो. चार अक्षरांनंतर जिथे मोकळं असायला हवं तिथे बास आणि टाळ्यांचे आवाज येतात. पोरांना वाटतं आपण मागे पडलो, म्हणून ती श्वास न घेता पुढची ओळ धरतात. तिसऱ्या कडव्यापर्यंत सुरांची टोकं बसायला लागतात आणि शेवटचं अक्षर गिळलं जातं. कारण एवढं साधं आहे. काकांनी त्याला रागावून काही सांगितलं नाही. बटण बंद केलं, झांजेची जोडी त्याच्याच हातात दिली आणि म्हणाले, "दादा, मोकळी जागा आली की दोनदा. बाकी वेळ हलकंच धर." दोन कडव्यांत त्याला जमलं. हातात झांज असली की माणूस गाणाऱ्याकडे बघतो, हे त्याच्या मानेवरून दिसत होतं.

तुम्ही नाशिकला हे ऐकायला जाणार असाल तर बाळ येशूच्या फेब्रुवारीतल्या यात्रेच्या दिवसांत जाऊ नका. नाशिकरोडला तेव्हा लांबलांबून माणसं येतात, रांगा आणि लाउडस्पीकर असतात. श्रद्धेनं जाणाऱ्यांनी जरूर जावं, पण गाणं कानावर पडणार नाही. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, आधी, पावसाळा संपताना जा, तेव्हा नाताळच्या पदांचे सराव सुरू होतात. आधी विचारून जा, मागे बसा आणि मोबाइल खिशात ठेवा. पोरं कॅमेऱ्याकडे बघून गायला लागली की मान वर होते आणि आवाज घशात अडकतो.

आठ वाजता काकांनी पोरांना पुस्तकं उघडायला लावली. प्रत्येक चौथ्या चरणानंतर पेन्सिलीनं एक बारीक उभी रेघ, ती श्वासाची खूण. एका मुलीकडे पेन्सिल नव्हती. ती शेजारणीची वाट बघत बसली नाही. पानाच्या कडेला, त्या त्या ओळीसमोर, तिनं नखानं खाचा पाडल्या. पाच कडवी, पाच खाचा. मग पान उजेडात तिरकं धरून मोजून पाहिलं आणि पुस्तक मिटलं.