माझी छोटी फाइल सिस्टम, आठवडा ११: कुलपांचा गुंता

या आठवड्यात नवीन फीचर शून्य. सगळा वेळ लॉकनी खाल्ला, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला (समांतर चालणाऱ्या कामाला) डेटा हाताळू देणाऱ्या कुलपांनी.

लॉकडेप (लिनक्स कर्नलमधला लॉकचा क्रम तपासणारा) चालू ठेवून कर्नल क्यूएमूमध्ये, म्हणजे आभासी मशीनमध्ये, बूट केला, डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले ब्लॉक हलवून जवळ आणणं) सुरू केलं आणि लगेच कन्सोलवर 'पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग डिपेन्डन्सी'. अडकलं मात्र काहीच नव्हतं! लॉकडेप (२००६ पासून, कर्नल २.६.१८) दोन थ्रेड एकमेकांच्या लॉकसाठी खरोखर अडकायची वाट बघतच नाही. कधी लॉक अ धरून ब घेतलं, कधी ब धरून अ, एवढं दिसलं की बोंब मारतो.

माझ्याकडे राइट करताना आधी आयनोडचं (फाइलीची माहिती ठेवणारी नोंद) लॉक, मग बिटमॅपचं (कोणता ब्लॉक मोकळा, कोणता वापरात याचा तक्ता). डीफ्रॅगमध्ये उलटं: बिटमॅप धरून ब्लॉक शोधायचा, मग त्याच्या मालक आयनोडचं लॉक.

पहिला उपाय सोपा वाटला. ब्लॉक सापडला की बिटमॅप सोडायचा, आयनोड धरायचा, पुन्हा बिटमॅप. लॉकडेप गप्प. रात्रभर चाचणी लावून झोपलो. सकाळी बघतो तर एकच ब्लॉक दोन फाइलींत. रोगापेक्षा इलाज भयंकर! मधल्या फटीत जुनी फाइल ट्रंकेट झाली (कापून छोटी झाली), तिचा ब्लॉक दुसरीला मिळाला. डीफ्रॅगने तो अजून पहिलीचाच समजून हलवला आणि बिटमॅपमध्ये मोकळा केला. पुढच्या राइटने तोच उचलला.

आता दोन्ही लॉक हातात आल्यावर पुन्हा विचारतो: हा ब्लॉक अजून याच आयनोडचा आहे ना? नसेल तर सोडून दुसरा शोधतो. शिवाय मालकाचा पॉइंटर न ठेवता फक्त आयनोड क्रमांक ठेवतो, नाहीतर त्या फटीत आयनोडच मेमरीतून गेलेला असायचा.

नवशिक्यांसाठी: लॉकडेप एका बूटमध्ये एकच तक्रार करतो आणि स्वतःला बंद करून घेतो. त्यामुळे 'आता शांत आहे' यावर विश्वास नको. रीबूट केल्यावर दुसरी तक्रार आलीच, एफएस-रीक्लेमची (मेमरी परत मिळवताना फाइल सिस्टममध्ये शिरण्याची). बिटमॅपचं लॉक धरून मी केमॅलॉक करत होतो, म्हणजे कर्नलकडे मेमरी मागत होतो. मेमरी कमी पडली तर कर्नल ती मोकळी करायला माझ्याच फाइल सिस्टमकडे परत येऊ शकतो आणि तेच लॉक मागू शकतो. जीएफपी-नोएफएस ('मेमरी देताना फाइल सिस्टमकडे जाऊ नको' हा फ्लॅग) चाललं असतं, पण बफर लॉकच्या आधीच घेतला.

हेडरच्या डोक्यावर आता मोठी कॉमेंट आहे: आधी आयनोड, मग बिटमॅप. एफएसस्ट्रेस (फाइल सिस्टमवर ताण टाकणारी चाचणी) सहा तास चालू आहे, लॅपटॉपचा पंखा ओरडतोय.